पदकाची कड

गेल्या हिवाळ्यात पुण्यात जुन्या नाण्यांचं एक प्रदर्शन भरलं होतं. मैत्रिणीला शिवराई हव्या होत्या, तिला सोबत म्हणून मी गेले. ती एका टेबलाशी घासाघीस करत उभी राहिली. शेजारच्या टेबलावर मखमलीच्या ताटात पदकं मांडली होती, त्यातलं एक मी सहज उचललं.

चांदीचं, चांगलं वजनदार पदक. एका बाजूला मुकुट आणि ओढणी घेतलेली व्हिक्टोरिया राणी. दुसऱ्या बाजूला डोंगरवाटेनं चाललेली फौज आणि मधोमध पाठीवर तोफ बांधलेला हत्ती. वर ‘अफगाणिस्तान’, खाली १८७८-७९-८० ही सालं. ते चित्र रँडॉल्फ काल्डेकॉट यांनी काढलेलं आहे, लहान मुलांच्या चित्रमय पुस्तकांसाठी नावाजलेले चित्रकार. हत्तीचं पाऊल उचललेलं पाहिलं की ते पटतं.

“ताई, त्याला पट्टी नाही,” विक्रेता म्हणाला. “काबूल, कंदहार असं काही असतं तर भाव वेगळा होता. हे साधं आहे. कडाही घासलेली आहे, नाव जात नाही वाचता.”

पट्टी म्हणजे फितीच्या खाली पदकाच्या डोक्यावर बसवलेली चांदीची आडवी पट्टी. ज्या लढाईत तो शिपाई होता तिचं नाव त्यावर असतं. आणि कडेवर, नाण्याला जिथे दाते असतात तिथे, शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. मी पदक आडवं धरून दिव्याखाली फिरवलं. क्रमांक गेला होता. नाव गेलं होतं. पलटणही गेली होती. मधली काही अक्षरं तेवढी तग धरून होती. इंग्रजी लघुरूपात, पण मला ती एका दमात वाचता आली: आर्मोरर सार्जंट.

माझे बाबा आर्मोरर होते.

जिल्हा पोलीस मुख्यालयात शस्त्रागाराची एक बैठी दगडी खोली होती. जुने शिपाई तिला ‘कोत’ म्हणत. तिथं बाबांनी एकतीस वर्षं काढली. शाळेत वडिलांचा व्यवसाय सांगायची वेळ आली की मी ‘पोलीस’ म्हणायची, आणि मग मुलं विचारायची, चोर पकडतात का? बाबांनी कधी चोर पकडला नाही. ते बंदुका दुरुस्त करायचे. खोलीत तेलाचा, जुन्या लाकडाचा आणि ओल्या फलालीनच्या चिंध्यांचा वास भरलेला असे. दोरीच्या टोकाला चिंधी अडकवून ती नळीतून ओढायची, तिला पुल-थ्रू म्हणतात. हा शब्द मला ‘पेन्सिल’च्या आधी येत होता असं आई सांगते.

स्वातंत्र्यदिनाला सलामीची फैर झडायची तेव्हा सगळं मैदान झेंड्याकडे बघत असे. बाबा मागे भिंतीशी उभे राहून डोळे मिटून ऐकायचे. किती बार झाले, एकत्र झाले का, कुठली बंदूक गप्प राहिली. घरी येताना त्यांचा चेहरा बघूनच आम्हाला कळायचं की सगळ्या बोलल्या की नाही.

म्हणून ते पदक माझ्या हातून ताटात परत गेलं नाही. मी ते घेतलं. मैत्रिणीला शिवराई मिळाल्या नाहीत.

त्यानंतरचे कितीतरी महिने मी त्या पुसलेल्या नावामागे घालवले. नाव सापडणार नाही हे ठाऊक होतं. पण तो हुद्दा, ते काम, त्या माणसाच्या आयुष्यात कुठल्या कुठल्या बंदुका आल्या असतील, हे शोधता येत होतं.

१८५८ साली ब्रिटिश सैन्यात आर्मोरर सार्जंटांचं वेगळं दल निघालं. दल वेगळं, पण माणसाचं राहणं-जेवणं पलटणीतच. आठशे-हजार शिपायांमागे एक आर्मोरर सार्जंट, आणि हाताखाली जे कोणी मिळेल ते. बर्मिंगहॅम आणि एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यांत ही माणसं तयार होत. बर्मिंगहॅममध्ये बंदूकवाल्यांची वेगळी वस्तीच होती. एका घरात नळी, दुसऱ्यात चाप-घोड्याची कळ, तिसऱ्यात दस्ता, असं काम वाटलेलं. आपल्याकडच्या शिकलगारांसारखंच, पोरगं चालायला लागलं की त्याच्या हातात कानस यायची.

त्या काळात धंदाच बदलत होता. आधी दोन बंदुका कधी तंतोतंत सारख्या नसत. एकीची कळ दुसरीला बसवायची तर कानशीनं घासून घासून बसवावी लागे. १८५० च्या दशकात एन्फिल्डच्या कारखान्यात अमेरिकी यंत्रं आली आणि सुटे भाग अदलाबदलीचे होऊ लागले. आर्मोररच्या पेटीत कानशीच्या जोडीला मापं आली. तरीही त्याचा हात लागायचाच. नळी वाकली आहे का हे त्या काळी डोळ्यानं बघत. नळी उजेडाकडे धरायची, आत कडेची एक सावली पडते, ती रेघ सरळ धावली तर नळी सरळ. रेघ मोडली की जिथं मोडली तिथं हलका ठोका. बाबा हे खिडकीशी उभं राहून करायचे, एक डोळा बारीक करून, श्वास धरून. मला वाटायचं ते आकाश बघताहेत.

काळ्या दारूचं तर वेगळंच दुखणं. बार उडाला की नळीत काजळीचा थर बसतो, तो हवेतली ओल ओढून घेतो, आणि रात्रीत आत गंज धरतो. मग उकळतं पाणी ओतायचं, कोरडी चिंधी, मग तेलाची चिंधी. बाहेरून नळीवर तपकिरी रंग चढवायचा तोही गंजाचाच. आम्लाचा हात फिरवून मुद्दाम गंज आणायचा, उकळायचा, तारेच्या ब्रशानं खरवडायचा, पुन्हा आणायचा. काही दिवस हे चाललं की त्या पातळ घट्ट थरावर नवा गंज सहजी चढत नाही. घोड्याचा ताण वजनं टांगून मोजायचा. माशी वाकली असेल तर सरळ करायची. शिपायानं दस्ता फोडला तर अक्रोडाचं लाकूड ठिगळासारखं बसवायचं. या कामाला कुठली मोहीम असणार? ते दररोजचं होतं.

पण पदकं मोहिमांचीच निघत.

मी मनाशी एक माणूस धरला, विनानावाचा. साधारण १८६५ च्या सुमाराला दलात आलेला. तो आला तेव्हा पलटणींच्या हातात तोंडाकडून ठासायची एन्फिल्ड होती. हीच ती बंदूक, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून आपल्याकडे १८५७ पेटलं. त्या लढाईच्या पदकाला पाच पट्ट्या होत्या, त्यातली एक ‘सेंट्रल इंडिया’. ब्रिटिश सेनापती ह्यू रोझच्या हाताखाली झाशी, काल्पी, ग्वाल्हेर इथं लढलेल्यांना ती मिळाली, आणि त्यांत मुंबई लष्करातल्या हिंदी पलटणीही होत्या. एका संग्रहालयात काचेमागे ती पट्टी मी पाहिली आहे. चांदीचं पान चमकत होतं. झाशी हा शब्द त्यावर नाही, तरी मला तोच वाचू आला. तिथं मी फार वेळ उभी राहू शकले नाही.

त्या वर्षानंतर सरकारनं ठरवलं की हिंदी शिपायाच्या हातात गोऱ्या शिपायाइतकी चांगली बंदूक द्यायची नाही. एन्फिल्डच्या नळीतले पीळ काढून ती आतून गुळगुळीत केली आणि हिंदी पलटणींना दिली. पीळ नसले की गोळी स्वतःभोवती फिरत नाही आणि लांबवर सरळ जात नाही. चांगली बंदूक हेतुपुरस्सर बिघडवायची, हेही आर्मोररच्याच जातीचं काम. पुढे कितीतरी दशकं हिंदी पलटण एक पिढी मागेच राहिली. आणि पोलिसांसाठी थ्री-नॉट-थ्रीच्या घाटाची, गुळगुळीत नळीची, एका वेळी एकच बार काढणारी चारशे दहा मस्केट निघाली. ती बाबांच्या टेबलावर होती. मी लहानपणी तिच्या नळीत डोकावले आहे. आत पीळ नव्हते, आरशासारखी सपाट होती. बाबा तीही तितक्याच निगुतीनं पुसायचे.

माझ्या माणसाला पहिली मोहीम मिळाली असेल तर ती अबिसीनियाची, म्हणजे आजच्या इथिओपियाची. आणि ती सुरू झाली मुंबईतून. सम्राट तेवोद्रोस यांनी ब्रिटिश वकील आणि मिशनरी कैदेत टाकले होते. मुंबई लष्कराचे सेनापती रॉबर्ट नेपिअर तेरा हजार सैनिक घेऊन तांबड्या समुद्रापलीकडे झुलाच्या किनाऱ्यावर उतरले, सोबत हिंदुस्थानातून नेलेले ४४ हत्ती. तिथून मग्दला, तेवोद्रोस यांचा डोंगरी किल्ला, सुमारे चारशे मैल. १० एप्रिल १८६८ ला अरोगीच्या पठारावर गाठ पडली, तेव्हा गोऱ्यांच्या चौथ्या पलटणीच्या हातात नवी स्नायडर होती. खरं तर जुनीच एन्फिल्ड, मागचा भाग कापून तिथं बिजागरीचं झाकण बसवलेलं, त्यामुळे मागून काडतूस घालता येई. मिनिटाला दोन-तीनच्या जागी दहा बार. इथिओपियाचे सुमारे सातशे लोक पडले. ब्रिटिशांकडचे वीसेक जखमी, त्यांतले दोघं पुढे दगावले. त्याच मैदानात पंजाबी पायोनियरांच्या हाती मात्र तोंडाकडून ठासायच्याच बंदुका होत्या, ते संगिनींनी लढले. तीन दिवसांनी मग्दला पडलं. तेवोद्रोस यांनी स्वतःला गोळी घातली. ते पिस्तूल कधीकाळी व्हिक्टोरिया राणीनंच त्यांना भेट दिलेलं होतं.

अबिसीनियाचं पदक इतरांपेक्षा लहान आहे. पण त्यात एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कुठल्याच मोहिमेच्या पदकात नाही. शिपायाचं नाव कडेला न घालता मागच्या बाजूला मधोमध, उठावाच्या अक्षरांत आहे. हजारो पदकं आणि प्रत्येकाचा मागचा भाग वेगळा. खर्च फार आला, पुन्हा कोणी तसं केलं नाही. माझ्या माणसाचं पदक त्या घडणीचं असतं तर त्याचं नाव पुसायला दीडशे वर्षंही पुरी पडली नसती.

नंतर मार्टिनी-हेन्री आली. स्वित्झर्लंडमध्ये कारखाना असलेल्या मार्टिनींची कळ आणि एडिंबऱ्याच्या हेन्रींची सात पिळांची नळी. खालचा दांडा ओढला की मागचा ठोकळा खाली पडतो, काडतूस सरकवायचं, दांडा वर. सुटसुटीत, मजबूत. दोष काडतुसात होता. त्याची टोपी, म्हणजे मागचं बूड, लोखंडी आणि अंग पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी. नळी तापली, आत काजळी धरली, वाळू गेली की पत्रा नळीला चिकटून बसायचा. ओढणाऱ्या कळीला टोपी तेवढी यायची, अंग आत. मग ती बंदूक म्हणजे काठी. शिपाई पलटणीत शंभर गोष्टी शिकतो, पण अडकलेलं काडतूस पुढ्यात शत्रू असताना कसं काढायचं, हे शिकवून येत नाही. त्याला थंड डोकं, योग्य हत्यार आणि वेळ लागतो.

मैवंदला वेळ नव्हता. २७ जुलै १८८०, अफगाणिस्तानात कंदहारपासून काही कोसांवर. फौज मुख्यतः आपल्या मुंबई लष्कराची होती: बॉम्बे ग्रेनेडिअर्स, जेकब्स रायफल्स, मुंबईचं घोडदळ, आणि सोबत गोऱ्यांची ६६ वी बर्कशायर पलटण. ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी, हिंदी पलटणींकडे जुनी स्नायडर. जेकब्समधले कितीतरी रंगरूट नुकतेच भरती झालेले. जुलैची दुपार, पाणी नाही. अफगाण सरदार अयूब खानाच्या फौजेपुढे डावी बाजू मोडली आणि मग सगळंच. जेमतेम अडीच हजारांतले साडेनऊशेच्या वर मारले गेले.

या लढाईला पट्टी निघाली नाही. अफगाणिस्तानच्या पदकाला सहा पट्ट्या आहेत, अली मशिदीपासून कंदहारपर्यंत, पण मैवंदची नाही. हार होती ना. पुढे ब्रिटिश सेनापती फ्रेडरिक रॉबर्ट्सची फौज काबूलहून कंदहारला तीनशेवर मैल चालत आली आणि अयूब खानाला हरवून तिनं तोफा जिंकल्या. त्या तोफांच्या धातूचे तारे ओतून त्या चालीत असलेल्यांना वाटले. मैवंदहून जे जिवंत परतले त्यांच्या छातीवर नुसतं साधं पदक. विक्रेत्याचं ‘पट्टी नाही, साधं आहे’ हे वाक्य मला घरी आल्यावर रात्री दोन वाजता आठवलं. माझा माणूस मैवंदला होताच असं मी म्हणत नाही. बिनपट्टीची पदकं हजारोंनी दिली गेली, मागच्या ठाण्यांवर रसद राखणाऱ्यांनाही. पण ‘साधं’ म्हणजे काही घडलं नाही, असं मात्र नाही.

६६ व्या पलटणीत बॉबी नावाचा कुत्रा होता. तो मैवंदमधून जखमी होऊन परतला. १८८१ मध्ये राणीनं स्वतः त्याच्या गळ्यात अफगाणिस्तानचं पदक बांधलं. पुढच्याच वर्षी गोस्पोर्टमध्ये तो घोडागाडीखाली गेला. त्याला पेंढा भरून ठेवलंय, पदकासकट. त्या मुक्या जिवाला मिळालं याचा मला आनंद आहे. मात्र त्याच फौजेबरोबर पाणी वाहणारे भिस्ती, डोलीवाले आणि उंट हाकणारे होते. अशांचा विचार पुढे ब्रह्मदेशच्या १८८५-८७ च्या मोहिमेत झाला. शिपायांना चांदीचं, त्यांना तेच पदक काशाचं. विक्रेत्याच्या टेबलावर काशाची पदकं दुसऱ्या ताटात होती, खाली.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले, ते सांगते.

जानेवारी १८८५. सुदानमधल्या खार्टूममध्ये ब्रिटिश जनरल गॉर्डन वेढ्यात अडकलेले. त्यांच्या सुटकेसाठी उंटांवरची एक तुकडी सुदानच्या बायुदा वाळवंटातून निघाली, सुमारे चौदा-पंधराशे माणसं. सोबत नौदलाची छोटी तुकडी आणि तिच्याकडे पाच नळ्यांची गार्डनर तोफ. हिचा दांडा फिरवला की एकामागून एक नळी सुटते. ती सुटी करून उंटांवर लादून आणली होती. या तुकडीचे प्रमुख लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड. १७ जानेवारीला अबू क्लिया इथं महदीच्या, म्हणजे सुदानमधल्या उठावाच्या धर्मनेत्याच्या, सैन्यानं गाठलं. फौजेनं चारी बाजूंना तोंडं करून चौकोन धरला. तोफ चौकोनाबाहेर ओढून लावली. सत्तरेक बार झाले आणि ती थांबली.

तोच दोष. कळीनं काडतुसाची टोपी तोडून काढली, पितळेची नळकांडी आतच राहिली. बेरेसफर्ड आणि तोफेचे नाईक ऱ्होड्स वरची प्लेट काढायला वाकले, अडकलेली नळी मोकळी करायला. शेजारी होता तुकडीचा आर्मोरर, वॉल्टर मिलर. प्लेट सुटायच्या आत भालेवाले पोचले. ऱ्होड्सना भाला लागला, ते पडले. त्याच क्षणी डाव्या बाजूला मिलरला भाल्यानं मारलेलं बेरेसफर्डनी पाहिलं. ते स्वतः तोफेखाली सापडून वाचले आणि पुढे हे त्यांनीच लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला वॉल्टर मिलर हे नाव माहीत आहे. सगळी झटापट पंधरा मिनिटांच्या आत संपली. चौकोन फुटला आणि पुन्हा सांधला गेला. सत्तराहून जास्त ब्रिटिश मेले आणि महदीचे हजारावर. तोफेजवळ मरण पावलेल्यांच्या आजूबाजूला किती मार्टिनी बंदुका अडकल्या, किती संगिनी वाकल्या, याचा पुढे इंग्लंडमध्ये बराच बोभाटा झाला. त्यानंतर अखंड पितळेची काडतुसं आली आणि मार्टिनीचा दांडा लांब झाला, अडकलेलं काडतूस ओढायला जोर मिळावा म्हणून. खार्टूम मात्र नऊ दिवसांत पडलं. गॉर्डन मारले गेले.

मिलर नौदलाचा, माझा पदकवाला सैन्याचा. पण पेटी तीच, मापं तीच, बोटांना तेच वळण. इजिप्तच्या पदकाला अबू क्लियाची पट्टी आहे आणि ती दुर्मीळ समजली जाते. संग्राहक तिच्यासाठी कितीही मोजतात. त्या पट्टीवर लढाईचं नाव आहे. एक माणूस प्लेटजवळ वाकला होता, हे त्या पट्टीवर कुठून येणार?

पुढचं झटपट सांगून टाकते. १८८८ मध्ये लहान नळीची, पेटीतून एकामागून एक काडतूस भरणारी ली-मेटफर्ड आली. १८९६ मध्ये आर्मोररांचं दल आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये विलीन झालं. माझा माणूस तोवर निवृत्त झाला असेल. अठरा वर्षं विनातक्रार झाली की दीर्घ सेवा आणि सद्वर्तनाचं चांदीचं पदक मिळायचं, लाल फितीचं. ते त्याला मिळालं असेल, असं मला मनापासून वाटतं. मोहिमेचं पदक तो कुठं होता ते सांगतं. दीर्घ सेवेचं पदक निदान तो रोज होता, एवढं तरी सांगतं. बाबांना निवृत्तीआधी पोलीस दलाचं सन्मानचिन्ह मिळालं. ते आईच्या लुगड्यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, फलालीनच्या चिंधीत गुंडाळलेलं आहे.

पदक घेऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी मी ते त्यांना दाखवलं. बाबा आता ऐंशी पार आहेत, बहुतेक वेळ पलंगावर. त्यांनी राणी बघितली नाही, हत्ती बघितला नाही. पदक दोन बोटांत आडवं धरून खिडकीकडे केलं आणि एक डोळा बारीक केला.

“फार घासलंय,” ते म्हणाले. “परेडला घालत असणार. हात भारी होता त्याचा.”

“आर्मोरर होता, बाबा.”

“दिसतंय.” कड थोडी फिरवली. “कुठं होता?”

मग मी त्यांना अबू क्लियाची गोष्ट सांगितली. उंट, चौकोन, पाच नळ्या, सत्तर बार, तुटलेली टोपी. गॉर्डनबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. लढाई कोण जिंकलं हेही नाही. मिलर पडला तिथं मी थांबले. पंख्याचा आवाज येत होता. पदक त्यांच्या चादरीवर होतं.

“प्लेटला स्क्रू किती होते?” बाबांनी विचारलं.

माझ्या उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं हवेत जुळली, उलट्या दिशेनं फिरू लागली, आणि ओठ हलत होते. एक. दोन. ते मोजत होते.